वजाचं चिन्ह कोणी काढलं?

पोस्ट मोठी आहे आणि आकड्यांची आहे. तरी लगेच पुढं सरकू नका, कारण हे आकडे आपल्याच तालुक्यांचे आहेत.

झालं असं. अकोल्यात शिकणाऱ्या माझ्या भाचीचा परवा रात्री साडेदहाला फोन आला. "मामा, मॅट्रिक्स काहीतरी उलटी येऊन राह्यली. पाहता का?" एका संस्थेच्या अहवालासाठी तिच्याकडे आकडेमोडीचं काम आलं होतं. अमरावती जिल्ह्याचे १४ तालुके, अकोल्याचे ७, असे २१ तालुके. प्रत्येक तालुक्यासमोर आठ रकाने: पाऊस, सिंचनाखालचं क्षेत्र, पेऱ्यात कपाशीचा वाटा, सोयाबीनचा, तुरीचा, बाकी पिकांचा, पीककर्जाची थकबाकी आणि शेतकरी आत्महत्यांची नोंद. यातून काढायचा होता आंशिक सहसंबंध, म्हणजे ज्याला पार्शल कोरिलेशन म्हणतात तो.

अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. त्यातलं एक वाक्य आधीच लिहून तयार होतं: बाकी सगळ्या गोष्टी सारख्या धरल्या, तर जिथं सिंचन जास्त तिथं थकबाकी जास्त दिसते.

हे वाक्य वाचून मी उठून बसलो. असं वाक्य एकदा छापून आलं की ते वाक्य राहत नाही. दोन वर्षांनी कुठल्यातरी बैठकीत कोणीतरी तेच वाचून दाखवतो, "वऱ्हाडात पाणी देऊन फारसा फरक पडत नाही, अभ्यास झालेला आहे." मग बॅकलॉगवर बोलणाऱ्यानं बोलत बसावं.

आधी हा आंशिक सहसंबंध म्हणजे काय ते सांगतो. त्यासाठी २००८ ची कर्जमाफी आठवा. २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी ती जाहीर केली. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, त्याच्या वर जमीन असेल तर बाकी रक्कम भरल्यावर २५ टक्के सूट. (अवर्षणप्रवण जिल्ह्यांत २० हजार किंवा २५ टक्के, यातलं जे जास्त ते, हेही नंतर त्यात होतं. खरं ते सांगावं.) हिशोब सरळ होता: जमीन जास्त म्हणजे ऐपत जास्त. देशभराचे आकडे मांडले तर हा संबंध दिसतही असेल. पण पश्चिम महाराष्ट्रातला पाच एकर पाण्याखालचा ऊस आणि आपल्याकडचं दहा एकर कोरडवाहू, यात ऐपत कोणाची जास्त? आपला दहा एकरवाला कागदावर मोठा शेतकरी ठरला आणि पूर्ण माफीच्या बाहेर गेला. जमीन आणि ऐपत यांचा संबंध सिंचन सारखं धरून पाहिला असता तर हा घोळ कागदावरच दिसला असता. "सिंचन सारखं धरून पाहणं" म्हणजेच आंशिक सहसंबंध. दोन गोष्टींमधला संबंध मोजताना तिसऱ्या गोष्टीची सावली बाजूला काढायची, बस एवढंच.

हे हातानंही करता येतं. समजा तीन गोष्टी घेतल्या: कपाशीचा वाटा, थकबाकी आणि कोरडवाहू क्षेत्र. खालचे आकडे मी मनानं घेतलेत, कोणत्याही तालुक्याचे नाहीत. कपाशी आणि थकबाकी यांचा सहसंबंध ०.६. कपाशी आणि कोरडवाहू ०.८. थकबाकी आणि कोरडवाहू ०.७. शेवटच्या दोघांचा गुणाकार करा, ०.५६. तो ०.६ मधून वजा करा, उरले ०.०४. आता भागायचं कशानं? ०.८ चा वर्ग ०.६४, तो एकातून वजा केला की ०.३६, त्याचं वर्गमूळ ०.६. ०.७ चा वर्ग ०.४९, एकातून वजा केला की ०.५१, वर्गमूळ ०.७१४. दोघांचा गुणाकार ०.४२८. भागाकार करा: ०.०९.

म्हणजे वरवर पाहता कपाशी आणि कर्ज यांची घट्ट जोडी दिसत होती. कोरडवाहूपणा बाजूला काढल्यावर ०.६ चे ०.०९ राहिले. दोष कपाशीचा नव्हता, दोघंही एकाच कोरड्या जमिनीवर उभे होते.

तीन गोष्टी असल्या तर वहीवर जमतं. आठ असल्या तर कॉम्प्युटर लागतो, आणि तिथं रस्ता वेगळा असतो. सगळ्या सहसंबंधांची मॅट्रिक्स घ्यायची, तिचा इन्व्हर्स काढायचा. ज्या दोन गोष्टींचा संबंध हवा त्यांच्या खान्यातला आकडा उचलायचा, त्या दोघांच्या डायगोनलवरच्या आकड्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळानं भागायचा, आणि समोर मायनस लावायचा. हा मायनस विसरायचा नाही.

भाची विसरली नव्हती. तिनं मायनस लावला होता आणि मग स्वतःच्या हातानं काढला होता. काहून काढला, तर अख्ख्या मॅट्रिक्सला एकदम मायनस लावला की डायगोनलवर उणे एक येतो. तिचं म्हणणं, "मामा, पावसाचा पावसाशीच संबंध उणे एक कसा असंन? म्हून मायनस काढला. मग डायगोनलवर बराबर एक आला." बराबर आला. आणि बाकीचे सगळे खाने उलटे झाले. प्लसचं मायनस, मायनसचं प्लस. डायगोनल दिसायला शहाणा झाला आणि उरलेली मॅट्रिक्स खोटं बोलायला लागली.

मी तिला रागावलो नाही. तिनं केलं ते कोणताही विचार करणारा माणूस करेल. चूक दिसली, चूक दुरुस्त केली, दुरुस्ती डोळ्यासमोर पटली. नियमातला मायनस डायगोनलसाठी नसतोच, तो बाकीच्या खान्यांसाठी असतो. मायनस तसाच ठेवायचा आणि शेवटी डायगोनलवर वेगळा १ लिहायचा. दोन ओळींचं काम. पण पायथन यावर काहीच बोलत नाही. लाल अक्षरं येत नाहीत, प्रोग्राम अडत नाही. एरर येणारी चूक ही खरं तर सज्जन चूक असते.

आता तुम्ही विचाराल, मला कसं कळलं? सिंचन आणि थकबाकीच्या खान्याकडे पाहून नाही कळलं. तिथं जे आलं असतं ते कोणीही पटवून घेतलं असतं. (पाणी आलं म्हणून बोअर मारली, मोटर घेतली, कर्ज वाढलं. झाली की नाही गोष्ट तयार? आकडा कोणताही द्या, पाच मिनिटांत त्याला कारण चिकटवणारा माणूस प्रत्येक चहाच्या टपरीवर आहे. मीही आहे.) मला कळलं ते कपाशी आणि सोयाबीनच्या खान्यावरून. तिथं होतं अधिक ०.९९. बाकी सगळं सारखं असताना कपाशी वाढली की सोयाबीनही वाढते, तेही जवळपास शंभर टक्के? वावर तेवढंच आहे. एक पेरलं की दुसरं कमी होणार, हे सांगायला कृषी विद्यापीठ लागत नाही.

म्हणून मी पहिली गोष्ट काय विचारतो तर, यात असा एखादा खाना आहे का ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे? आधी तो पाहा.

मायनस परत लावला, तर तो खाना उणे ०.९९ झाला. दिशा बरोबर आली, पण आकडा अति गोड होता. मग कळलं की कपाशी, सोयाबीन, तूर आणि इतर, चारही वाटे टक्क्यांत आहेत आणि त्यांची बेरीज १०० येते. तीन कळले की चौथा ठरलेलाच. अशा मॅट्रिक्सला खरं तर इन्व्हर्सच नसतो. पण टक्के एका दशांशापर्यंत लिहिलेले, बेरीज कुठं ९९.९, कुठं १००.१, म्हणून कॉम्प्युटरनं न कुरकुरता इन्व्हर्स काढून दिला. म्हणजे त्या रकान्यांमधला जो काही "संबंध" उरला होता तो आकडे एका दशांशापर्यंत आणताना राहिलेल्या किरकोळ फरकांचा होता. "इतर" हा रकाना काढून टाकला, सात राहिले.

रात्रीचे बारा वाजले होते. मी विचारलं, "तालुके किती घेतले?"

"एकवीस."

"मोजून सांग."

सोळा निघाले.

हा भाग मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो गणिताचा नाहीच, आपल्या घरचा आहे. पावसाची फाईल एका कार्यालयाची, कर्जाची दुसऱ्याची, पेऱ्याची तिसऱ्याची. तिन्ही जोडायच्या तालुक्याच्या नावावर. एकीत तिवसा, दुसरीत तिओसा. एकीत वरुड, दुसरीत इंग्रजीवरून आलेलं वारुद. अंजनगाव सुर्जी कुठं नुसतंच अंजनगाव. बार्शीटाकळी एकत्र आणि तोडून. मूर्तिजापूर आणि मुर्तीझापूर. नाव जुळलं नाही की कॉम्प्युटर ती ओळ गुपचूप टाकून देतो. पाच तालुके गेले. संत्र्याचा वरुड गेला, म्हणजे जिथं भूजल उपसून उपसून खाली गेलंय तो तालुका सिंचनाच्या अभ्यासातच नाही! आणि चांदूर? आपल्याकडे दोन आहेत, चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार. पावसाच्या फाईलमधे एकाच ओळीत नुसतं "चांदूर". तो पाऊस दोघांनाही चिकटला होता. ज्यानं ही फाईल बनवली त्याला कोणता चांदूर हे माहीत होतं, म्हणून त्यानं लिहिलं नाही.

वाक्य मात्र "अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील तालुके" असंच लिहिलेलं होतं.

आणखी एक. काही ठिकाणी पावसाची नोंद रिकामी होती, तिथं शून्य भरलेलं. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्यानं एकदा पीकविम्याच्या कागदावर भांडण केलंय त्याला मी सांगायची गरज नाही. पंचनाम्यासाठी २४ तासांत ६५ मिलिमीटर ही रेघ आहे. यंत्र बंद होतं तर तो दिवस शून्याचा धरायचा की न मोजलेला, यावर माणसाची भरपाई ठरते. एका रकान्यात भरलेलं शून्य दिसायला निरुपद्रवी असतं.

सगळं नीट केल्यावर सिंचन आणि थकबाकीच्या खान्यात काय आलं, तो आकडा मी इथं मुद्दाम देत नाही. कारण सांगतो. २१ तालुके. दोन गोष्टींचा संबंध, पाच गोष्टी सारख्या धरलेल्या. २१ मधून २ गेले, ५ गेले, उरले १४. एवढ्यावर सहसंबंध ०.५ च्या आसपास तरी पाहिजे, तेव्हा कुठं पाच टक्क्यांच्या नेहमीच्या कसोटीला तो योगायोगापेक्षा वेगळा म्हणता येतो. सोळा तालुके आणि आठ रकान्यांवर तर ०.६३ लागला असता. आमचा आकडा या रेघेच्या बराच खाली होता. असा आकडा पोस्टमधे टाकला तर त्याचा उद्या स्क्रीनशॉट फिरेल आणि रेघ कोणी वाचणार नाही.

त्यातही धारणी आणि चिखलदरा. पावसात सगळ्यांत वर, बाकी बहुतेक बाबतींत वेगळं जग. कागदावर २१ ठिपके काढून पाहिले की हे दोन एका कोपऱ्यात जाऊन बसतात आणि अख्खी रेघ आपल्याकडे ओढतात. ते काढले तर सही बदलते. मग ते काढायचे का? मेळघाट आकड्यांत अडचणीचा आहे म्हणून वगळायचा, हे आपण इतर बाबतींत भरपूर केलंय. माझं मत: वगळू नका, दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी छापा.

आणि खारपाणपट्टा? दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पूर्णेच्या दोन्ही अंगांनी शेकडो गावं. विहिरीला पाणी आहे, पण पिकाला देता येत नाही, खारं आहे. आठ रकान्यांत याचा रकानाच नाही. जो रकाना नाही तो "सारखा धरला" असं म्हणता येत नाही, तुम्ही कोड कितीही शुद्ध लिहा.

इथून पुढचं थोडं नाजूक आहे, पण बोललं पाहिजे. आत्महत्यांचा रकाना. आपल्याकडे प्रत्येक प्रकरण "पात्र" की "अपात्र" हे जिल्हा समिती ठरवते, मदत पात्र प्रकरणांत मिळते. पात्र ठरायला काय पाहतात? कर्ज होतं का, नापिकीमुळं ते फेडता आलं नाही का, वसुलीचा तगादा होता का. आता फक्त पात्र प्रकरणं घ्या आणि कर्जाशी संबंध काढा. संबंध निघणारच, तो निवडीतच शिजवलेला आहे. आणि ज्या घरी जमीन वडिलांच्या नावावर होती, कर्ज ओळखीच्या माणसाकडून तोंडी घेतलेलं होतं, त्या घरचा माणूस गेला तर तो या रकान्यात येतच नाही. पात्र घेतले की एकूण, हे न लिहिता जो कोणी या विषयावर मॅट्रिक्स छापतो, त्याच्या एकाही आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. मग तो सरकारचा असो, कंपनीचा असो की चळवळीचा. बीटी कपाशीला २००२ मधे परवानगी मिळाली, तेव्हापासून "बीटीमुळं आत्महत्या वाढल्या" आणि "बीटीचा काही संबंध नाही" असे दोन्ही बाजूंचे अभ्यास आपल्या अंगावर येतात. भांडण विचारांचं आहे असं आपण समजतो. बरेचदा ते कोणता रकाना सारखा धरला एवढ्यावरच असतं.

कारण सारखं धरण्यातही चूक होते. पाणी आलं की उत्पन्न वाढतं, उत्पन्न वाढलं की कर्ज फिटतं. आता कोणी हुशारीनं "उत्पन्न" हाही रकाना टाकला आणि तो सारखा धरला, तर पाण्याचा परिणाम नाहीसा होईल. होणारच, ज्या वाटेनं परिणाम जातो तीच वाट तुम्ही बंद केली. कोडमधे चूक नाही, आकड्यांत चूक नाही, प्रश्नातच चूक आहे. आणि ही अख्खी मॅट्रिक्स एका बटणावर काढण्याची सवय मला म्हणूनच आवडत नाही. ती प्रत्येक जोडीसाठी बाकी सगळं डोळे मिटून सारखं धरते. विचार करून धरावं लागतं ते काम यंत्र करत नाही.

युल नावाचा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ होता. १८९९ साली त्यानं इंग्लंडमधल्या गरिबांच्या मदतीच्या आकड्यांवर जवळपास हेच केलं. भाग पाडले, वृद्धांचं प्रमाण आणि लोकसंख्या सारखी धरली, आणि मदत देण्याच्या पद्धतीमुळं गरिबांची संख्या बदलते का ते पाहिलं. त्याच्या निबंधात एक तळटीप आहे: मी जिथं "मुळे" लिहिलंय तिथं काटेकोरपणे "च्याशी निगडित" असं वाचावं. एवढं मोठं काम करून माणूस तळटीपेत पाय मागे घेतो, हे मला आवडतं. पण तळटीपच ना. अहवालाची बातमी होते तेव्हा तळटीप राहते कुठं?

आपल्याकडची परंपराही कमी नाही. कृषीच्या मुलांच्या कपाटात पानसे-सुखात्म्यांचं १९५४ चं पुस्तक असायचं. त्यातले सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातले. पीक कापणी प्रयोगात प्लॉट फार लहान घेतला की काठावरची झाडं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. म्हणजे चूक वावरातच होते, कॉम्प्युटरपर्यंत यायच्या आधी. आजही विम्याचं उंबरठा उत्पन्न ज्यावरून ठरतं ते कापणी प्रयोगच आहेत.

माझं म्हणणं साधं आहे. वऱ्हाडाच्या शेतीबद्दल जो कोणी लोकांच्या पैशातून अहवाल काढतो, त्यानं आकड्यांची फाईल आणि कोड दोन्ही अहवालासोबत जाहीर करावे. तालुके किती धरले ते लिहावं. तीन आकड्यांचं हातानं सोडवलेलं उदाहरण, वर दिलं तसं, आधी कोडमधून काढून ०.०९ येते का पाहावं. मायनस हरवला असेल तर उणे ०.०९ येईल आणि तिथंच सापडेल. याला पाच मिनिटं लागतात. "आमच्याकडे तज्ज्ञ आहेत" हे उत्तर मला चालत नाही, तज्ज्ञांचाही मायनस हरवतो. माझा स्वतःचा दोनदा हरवलाय, फक्त तेव्हा विषय शेतीचा नव्हता, म्हणून कोणाचं नुकसान झालं नाही.

रात्री दीडला भाचीनं अहवालवाल्यांना मेसेज टाकला की ते वाक्य काढा. सकाळी त्यांचा फोन. "मग त्याच्या जागी काय लिहू?" ती म्हणाली, "काहीच नका लिहू." त्यांना ते पटलं नाही. पानभर जागा मोकळी राहते म्हणे. शेवटी वाक्य निघालं, एवढं खरं.

आता मी आणि ती मिळून २१ तालुक्यांच्या नावांची एक यादी करतोय, मराठी-इंग्रजी, सरकारी फाईलींमधे येणारी सगळी रूपं धरून. झाली की इथंच टाकतो, कोणीही फुकट वापरा. ज्यांच्याकडे चांदूर रेल्वे किंवा चांदूर बाजारच्या पावसाच्या जुन्या नोंदी कागदावर असतील त्यांनी फोटो पाठवावा. फक्त फोटोवर कोणता चांदूर ते लिहा, भाऊ.